चाफा म्हणजे नेमका कुठला? दूध, बांगडी आणि आकडी बघून झाड ओळखायची रीत

कोल्हापुरात महाद्वार रोडवर अंबाबाईसाठी ओटी घेताना "चाफा द्या" म्हटलं की फुलवाली सोनचाफ्याचा पुडा पुढं करते. तेच दोन शब्द नर्सरीत म्हटले की पांढऱ्या फुलांचं, जाड फांद्यांचं रोप पिशवीसकट गाडीवर बसतं. आणि काढ्याच्या यादीत ‘नागचाफा’ आला की काष्ठौषधीवाला तिसरंच काहीतरी बांधून देतो. तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नसतं.

मराठीत ‘चाफा’ हे एका झाडाचं नाव नाही, ती एक पंगत आहे. जरा जाड पाकळीचं, वासाचं फूल दिसलं की त्याला या पंगतीत पाट मिळाला. मूळ मानकरी सोनचाफा. संस्कृतातला चंपक तो हाच, आणि ‘चाफेकळी नाक’ म्हणताना डोळ्यापुढं येते ती याचीच निमुळती कळी. पांढरा चाफा, म्हणजेच देवचाफा किंवा खुरचाफा, मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि वेस्ट इंडीजकडचा. आपल्याकडं देवळांच्या आवारात तो इतका मुरला की परका वाटतच नाही. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, नागचाफा उंडी-सुरंगीच्या गोतावळ्यातला, तर भुईचाफा चक्क हळद-आल्याचा भाऊबंद. कढीलिंब आणि कडुलिंब यांच्यात जेवढं नातं आहे, तेवढंही सोनचाफा आणि देवचाफ्यात नाही.

त्यामुळं नावावर विसंबून रोप घेतलं तर पाच-सात वर्षं वाया जाऊ शकतात, आणि नावावर विसंबून औषध घेतलं तर त्याहून वाईट. ओळख पटवायला फार काही लागत नाही. गुजरीत सराफ डोळ्याला लावतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक धारदार ब्लेड, सहा इंची पट्टी आणि दोन-चार पांढरे कोरे कागद. टाऊन हॉलच्या बागेत किंवा विद्यापीठाच्या आवारात हिंडताना झाडावरचं काही ओरबाडायचं नाही. खाली पडलेलं फूल आणि पान बहुतेक वेळा पुरतं. ताजं पान लागतं ते फक्त दुधाच्या परीक्षेला, आणि तेही बागवानाला विचारून एकच.

रंग शेवटी बघा

बहुतेक जण सुरुवातच चुकीच्या टोकानं करतात: "पिवळं फूल आहे, म्हणजे सोनचाफा." सोनचाफा पिवळा असतो, केशरी असतो आणि त्याचा एक भाऊ पांढराही असतो. देवचाफा पांढरा, पिवळा, गुलाबी, लाल कुठलाही असतो. हिरवा चाफा पिकला की पिवळा होतो. रंगानं या पंगतीत कुणालाच उठवता येत नाही. वासाचंही तसंच, कारण तो वेळेनुसार बदलतो आणि दोन माणसांना एकच वास वेगळा लागतो.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी दूध, मग पानांची मांडणी, मग फांदीवरची बांगडी, मग फुलाच्या देठाची आकडी, त्यानंतर पाकळ्यांची मोजणी, आणि सगळ्यात शेवटी रंग नि वास. या क्रमात गेलं की फूल नसतानाही, नुसत्या फांदीवरून दहातली आठ झाडं ओळखता येतात.

पायरी पहिली: दूध

पानाचा देठ ब्लेडनं मधोमध कापा, कापलेलं तोंड कागदावर टेकवा आणि पाच-सहा सेकंद थांबा. दाट पांढरा चीक टपटप गळायला लागला, तर झाड देवचाफ्याच्या गटातलं. शास्त्रीय नाव प्लुमेरिया. सतराव्या शतकातला फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्लुमिए याच्यावरून पडलेलं. सोनचाफा, हिरवा चाफा, कवठी चाफा यांच्यातून दूध निघत नाही. निघालं तर ती झाडं नव्हेत, एवढी ही खूण पक्की.

इथं चूक होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी, तांबड्या देवचाफ्याची पानं गळून नुसते खराटे उभे असतात तेव्हा माणसं तपासायचंच सोडतात. पान नसलं तर फांदीच्या हिरव्या टोकाजवळ नखानं हलकी चिरी द्या, चीक दिसतो. दुसरी चूक पिवळ्या कण्हेरीची. बिट्टी म्हणतात ती. तिलाही भरपूर दूध आणि फूलही पिवळं. पण तिचं पान जेमतेम बोटाच्या पेराएवढं रुंद, गवतासारखं लांब असतं आणि फूल कर्ण्यासारखं, पूर्ण न उमलणारं. बिट्टीचा प्रत्येक भाग विषारी आहे, बी तर विशेषच. चीक कुठलाही असो, हात साबणानं धुवा आणि तोवर डोळ्याला बोट लावू नका. देवचाफ्याच्या चिकानंही कातडीची आग होते.

दूध निघालं, आता कुठला देवचाफा ते पानाच्या टोकावरून ठरतं:

– टोक निमुळतं, टोकदार आणि हिवाळ्यात पानगळ: प्लुमेरिया रुब्रा. रंगीत फुलांची बहुतेक झाडं ही. याच्यातही पांढरी, पिवळ्या घशाची फुलं असणारी असतात, म्हणून रंग बघून फसू नका.

– टोक गोल, पान गडद हिरवं नि तुळतुळीत, जवळपास बारमाही पानं: प्लुमेरिया ऑब्ट्युसा. फूल पांढरं, मध्ये पिवळा छोटासा ठिपका, पाकळ्या रुंद आणि एकमेकींवर चढलेल्या. नर्सरीत ‘सिंगापूर’ म्हणून विकतात.

– पान अरुंद, कडा खाली वळलेल्या, पाठीवर पांढरी लव: प्लुमेरिया आल्बा. शास्त्रीय नावातच ‘पांढरा’ असल्यानं पुस्तकं वाचून आलेले लोक प्रत्येक पांढऱ्या देवचाफ्याला आल्बा म्हणून मोकळे होतात. खरा आल्बा ही लव बघितल्याशिवाय ठरवायचा नाही.

– पान टोकाकडं पसरट, फण्यासारखं किंवा पळीसारखं: प्लुमेरिया पुडिका. फुलांचे पांढरे शुभ्र घोस, वास मात्र जवळपास नाही. याच्याबद्दल पुढं वेगळं बोलावं लागणार आहे.

पान उजेडाकडं धरून पाहिलं की देवचाफ्याची आणखी एक खूण दिसते. मधल्या शिरेपासून निघालेल्या आडव्या शिरा कडेपर्यंत जात नाहीत. कडेच्या अलीकडं, कडेला समांतर धावणाऱ्या एका शिरेला त्या सगळ्या मिळतात. पुस्तकाच्या पानाला समास आखावा तशी ती रेघ दिसते. वाळलेल्या, दूध आटलेल्या पानावरही ती राहते, म्हणून पडलेल्या पानावरून ओळखायला ही खूण दुधापेक्षा उपयोगी.

फूल हातात असेल तर पाच पाकळ्या, खाली नळी, आणि कळी पीळ दिलेल्या वातीसारखी. या फुलात मध नसतो. रात्री वास वाढतो तो मधाच्या आशेनं येणाऱ्या मोठ्या पतंगांसाठी, आणि ते बिचारे फुलाफुलांवरून उपाशीच फिरतात.

पायरी दुसरी: पानं समोरासमोर की एकाआड एक

दूध गळलं नाही. आता फांदीवर पानं कशी बसली आहेत ते बघा. प्रत्येक पेऱ्यावर दोन पानं समोरासमोर असतील, तर आपण नागचाफ्याच्या अंगणात आलो. एकाआड एक असतील तर पुढच्या पायरीवर जा.

नागचाफ्याचं प्रकरण जरा सावकाश घ्यावं लागतं, कारण या एका नावावर तीन झाडं हक्क सांगतात.

खरा नागचाफा म्हणजे मेसुआ फेरिया. पान अरुंद, भाल्याच्या पात्यासारखं, खाली झुकलेलं. वरून गडद हिरवं, आणि पाठ उलटी केली की राखाडी-पांढरट, जणू पीठ चोळलंय. बोटानं घासलं तर ही पांढरट झाक थोडी पुसली जाते. नवी पालवी लालसर-गुलाबी येते आणि तेव्हा सगळं झाड लांबून ओळखू येतं. फूल तळहातात मावेल असं, चार पांढऱ्या पाकळ्यांचं, मध्ये सोनेरी पुंकेसरांचा दाट झुबका. पाकळ्या चारच, हे मोजून घ्या. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. ‘फेरिया’ म्हणजे लोखंडी, ते यावरूनच. श्रीलंकेनं १९८६ मध्ये याला राष्ट्रीय वृक्ष ठरवलं. वाढ मात्र अगदी कासवाची.

त्याचा जवळचा नातेवाईक उंडी. हिंदीत त्याला सुलतान चंपा म्हणतात, म्हणून घोळ वाढतो. उंडीलाही पानं समोरासमोर, पाकळ्या पांढऱ्या, पुंकेसर पिवळे. फरक पानात: उंडीचं पान रुंद, लंबगोल, जाड, आणि त्यावर शिरा इतक्या दाट नि समांतर की फणीचे दात वाटावेत. देठ तोडला तर थोडासा चिकट रस येतो, तो टपटप गळत नाही. फुलं लहान आणि घोसानं येतात, फळ गोटीसारखं गोल. उंडी समुद्रकाठचं झाड, आपल्याकडं लावलेलंच सापडणार.

दुसरा दावेदार वर आलेला प्लुमेरिया पुडिका. पान फण्यासारखं दिसतं म्हणून नर्सरीत त्याला सर्रास ‘नागचाफा’ म्हणतात. "घ्या की बिनघोर, नागचाफाच हाय ह्यो," असं ठासून सांगणाऱ्याचं चुकत नाही, त्याच्या धंद्यात हेच नाव चालतं. पण देठ कापला की दूध गळतं आणि पानं एकाआड एक असतात, तिथंच प्रश्न मिटतो.

तिसरा कैलासपती. त्यालाच नागलिंग म्हणतात, आणि कुठंकुठं नागचाफाही. फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडातून लोंबणाऱ्या दांड्यांवर येतात. सहा मांसल, गुलाबी-लाल पाकळ्या आणि मध्ये पिंडीवर फणा धरल्यासारखा पुंकेसरांचा पंखा. तोफगोळ्याएवढी फळं दिसली की शंकाच उरत नाही. हे झाड दक्षिण अमेरिकेतलं.

आता नागकेशर. खऱ्या नागचाफ्याचे वाळवलेले पुंकेसर म्हणजे नागकेशर, हे आयुर्वेदाच्या पोथीतलं. पण गोड्या मसाल्यासाठी वाण्याकडं ‘नागकेशर’ मागितलं की देठासकट बारक्या काळपट गुंड्या मिळतात. त्या दालचिनी-तमालपत्राच्या वर्गातल्या झाडांची कोवळी फळं असतात. त्यांना काळी नागकेशर म्हणतात. ‘तांबडी नागकेशर’ म्हणून येतात त्या सुरंगीच्या सुकवलेल्या कळ्या. मसाल्याला काळी चालते, तिची चवच आपल्या जिभेला ओळखीची आहे. औषधाला मात्र वैद्यांनी कुठली म्हटली आहे ते विचारून घ्या आणि पुडी उघडून बघा. खरं नागकेशर गुंडीसारखं नसतं, ते बारीक, पिवळट-तपकिरी तंतूंचं असतं.

पायरी तिसरी: बांगडी

दूध नाही, पानं एकाआड एक. आता कोवळी फांदी हातात घ्या आणि जिथं जिथं पान फुटलंय तिथं फांदीभोवती फिरवून बघा. प्रत्येक पेऱ्यावर फांदीला पूर्ण वेढा घालणारी बारीक रेघ दिसली, अगदी मनगटात बांगडी असावी तशी, तर झाड मॅग्नोलिया कुळातलं. म्हणजे सोनचाफा, पांढरा सोनचाफा किंवा कवठी चाफा.

ही रेघ कशी पडते ते एकदा टोकाशी बघितलं की विसरत नाही. फांदीच्या शेंड्याला एक टोकदार, मऊ लव असलेली टोपी असते. ती उपपर्णांची, म्हणजे पानाच्या बुडाशी येणाऱ्या छोट्या पानांची. आत पुढचं पान घडी घालून बसलेलं असतं. पान मोठं झालं की टोपी बुडापासून सुटून पडते आणि जिथून सुटली तिथं वेढा राहतो. फणस, वड, पिंपळ यांनाही अशी बांगडी असते, पण त्यांना चीक असतो आणि तो पहिल्या पायरीतच कळलेला असतो. म्हणूनच क्रम मोडू नका.

सोनचाफ्याचं पान एक वीतभर, दहा ते पंचवीस सेंटिमीटर, टोकाशी निमुळतं होत गेलेलं, कडा किंचित लाटांसारख्या. फुलं पानाच्या बगलेत एकेक येतात. पडलेलं ताजं फूल मिळालं तर कागदावर ते उलगडून बघा. बाहेरच्या बाजूनं एकेक पाकळी ओढून ओळीनं मांडा. साधारण बारा ते पंधरा भरतात, कधी जास्त. आतल्या पाकळ्या बाहेरच्यांपेक्षा अरुंद होत जातात. यात निदल (कळीला बाहेरून झाकणारं हिरवं दल) वेगळं आणि पाकळ्या वेगळ्या असा भेद करता येत नाही, सगळ्या सारख्याच. पाकळ्या संपल्या की मध्ये उभी दांडी राहते. तिच्या बुडाशी पुंकेसरांचा दाट वेढा, मग थोडी मोकळी जागा, आणि तिच्या वर हिरव्या बारीक स्त्रीकेसरांचं कणीस. ती मधली मोकळी जागा हीच सोनचाफ्याची सही. भिंग धरलं की स्पष्ट दिसते. जुन्या पुस्तकांत या झाडाला मायकेलिया चंपका म्हणत, आता त्याला मॅग्नोलियातच घेतलंय. पण मायकेलिया म्हणून वेगळं काढलेल्या झाडांची ओळख हीच होती: फूल बगलेत आणि दांडीवर ही जागा.

पुढं त्या कणसाचा फळांचा घोस होतो. राखाडी-तपकिरी, ठिपकेदार गोळे फुटले की आतून लालबुंद गराची बी डोकावते. पक्षी त्यावर तुटून पडतात.

पांढरा सोनचाफा, मॅग्नोलिया आल्बा, हा सोनचाफ्याचा संकर. पाकळ्या अरुंद, सुरीच्या पात्यासारख्या, पांढऱ्या. फूल नसेल तर पानाच्या देठाची वरची बाजू बघा. उपपर्ण चिकटलेलं होतं त्याचा व्रण देठावर दिसतो. सोनचाफ्यात तो सहसा देठाच्या अर्ध्याच्या पलीकडं जातो, पांढऱ्यात अर्ध्याच्या आत थांबतो. एका पानावर निकाल देऊ नका, पाच-सहा बघा. या झाडाला बी क्वचितच धरते. म्हणून "बियांचं रोप आहे, पांढऱ्या सोनचाफ्याचं" असं कुणी म्हणालं तर हसून पुढं जावं.

कवठी चाफा म्हणून दोन झाडं दाखवतात आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, नाव दोघांनाही चिकटलंय. एक झुडूप, फार तर पुरुष-दीड पुरुष उंच. फूल खाली मान घालून लोंबतं, बाहेरच्या तीन पाकळ्या हिरवट, आतल्या जाड पांढऱ्या, आणि न उमललेली कळी कोंबडीच्या अंड्यासारखी. संध्याकाळी उमलतं आणि रात्रभर पिकल्या फळासारखा वास सोडतं. सकाळी बघायला गेलात तर पाकळ्या खाली पडलेल्या सापडतात. हा मॅग्नोलिया कोको, मूळचा दक्षिण चीन-व्हिएतनामकडचा. दुसरा मोठा वृक्ष, मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा, ज्याला हिमचंपाही म्हणतात. हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. त्याचं पान उलटं केलं की काम झालं: वर आरशासारखं चकाकतं, खाली गंजासारखी तपकिरी लव. फूल वाडग्याएवढं, वीतभर किंवा जास्त रुंद. दोन्हींत फूल फांदीच्या टोकाला येतं, बगलेत नाही. सोनचाफ्यापासून वेगळं काढायला एवढं पुरे.

पायरी चौथी: आकडी

दूध नाही, समोरासमोर पानं नाहीत, बांगडी नाही. मग फांदीवर बोटाच्या पेराएवढे वाकडे, कडक गळ शोधा. सापडले तर तो हिरवा चाफा, आर्टाबॉट्रिस हेक्सापेटॅलस. ही आकडी म्हणजे फुलाचा दांडाच. आधाराला अडकवायला तो वाकून कडक होतो, आणि फूल गळून गेल्यावरही झाडावर राहतो. त्यामुळं बाराही महिने ही ओळख टिकते. हिरवा चाफा खरं तर वृक्ष नव्हे, भक्कम खोडाची वेल. छाटून झुडूप करतात म्हणून झाड वाटतो.

फूल पानांच्या रंगाचं, म्हणून वास आला तरी डोळ्यांना सापडत नाही. सहा जाड पाकळ्या, तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत. कोवळं हिरवं फूल तोडून नाकाला लावणाऱ्याची निराशा ठरलेली, कारण वास पिवळं व्हायला लागल्यावर चढतो, आणि मग खोलीभर पिकल्या फळांचा घमघमाट. तोडायचं तर फिकट पिवळी झाक आल्यावर.

याच्या नावावर खपणारं दुसरं झाड इलांग-इलांग, कनांगा ओडोराटा. त्यालाही सहा पाकळ्या आणि हिरवट-पिवळा रंग, कुळही तेच. पण हा सरळ उंच वाढणारा वृक्ष, फांद्या लवलेल्या, पाकळ्या लांब, अरुंद, पिळवटलेल्या फितींसारख्या खाली लोंबणाऱ्या. आकडी नाही. अत्तराच्या धंद्यात मान याला आहे, मात्र घराच्या कुंपणाला हिरवा चाफा समजून लावलात तर चार वर्षांत विजेच्या तारांना भिडेल.

उरलेले

मुचकुंदाला हिंदीत कनकचंपा म्हणतात. पान ताटाएवढं, पाठीवर पांढरी लोकर, आणि देठ पानाच्या कडेला न जोडता जरा आत जोडलेला. कळी बोटभर लांब, तपकिरी मखमलीची. रात्री फुटते आणि पाच लांब पट्ट्या केळं सोलावं तशा मागं वळतात. एवढ्यावर पुरे, हा दुसऱ्या कशाशी मिसळत नाही.

रामधनचाफा, म्हणजे ओक्ना, पिवळ्या फुलांचं झुडूप. फूल गेल्यावर निदलं लाल होऊन त्यावर काळे मणी बसतात. वासासाठी घेऊ नका.

भुईचाफा झाडच नाही. उन्हाळ्यात, पानांचा मागमूस नसताना, जमिनीतून थेट पांढरी-जांभळी फुलं वर येतात. पानं पाऊस पडल्यावर. कंद आल्यासारखा सुगंधी. आणि सोनटक्का हा सोनचाफ्याचा कुणीही नाही, फक्त नावात ‘सोन’ आहे.

कधी बघायला जावं

कोल्हापुरात नागचाफा आणि मुचकुंद उन्हाळा तापायच्या आधीपासून फुलायला लागतात, म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल त्यांच्यासाठी. भुईचाफ्याला एप्रिल-मे. हिमचंपा उन्हाळ्यात. हिरवा चाफा उन्हाळ्यापासून पाऊसभर. देवचाफा मार्चपासून दिवाळीपर्यंत. सोनचाफ्याला थोडीफार फुलं वर्षभर असतात, पण बहर उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसात. वास घ्यायचा तर दुपार टाळा. सकाळी लवकर किंवा दिवे लागताना जा.

मोबाइलवरचं ओळखणारं अॅप वापरायला हरकत नाही, पण त्याला नुसत्या फुलाचा फोटो देऊ नका. पानाची पाठ, शेंड्याची टोपी किंवा बांगडी, आणि फांदीवर फूल कुठं आलंय, असे तीन वेगळे फोटो द्या. अॅपनं मराठी नाव सांगितलं तर ते बाजूला ठेवून शास्त्रीय नाव बघा. मराठी नावात ते आपल्यासारखंच गोंधळतं.

नर्सरीत उभं राहिल्यावर

रोप छोटं असतं, फूल नसतं, आणि पाटीवर फक्त ‘चाफा’. तरी वरच्या पायऱ्या चालतात. सोनचाफा म्हणून दिलेल्या रोपाच्या शेंड्याला टोपी आणि खाली बांगड्या दिसल्याच पाहिजेत. नागचाफा म्हणून दिलेल्यात पानं समोरासमोर आणि पाठ पांढरट. नसेल तर घेऊ नका, दर कितीही कमी असो.

सोनचाफ्यात आणखी एक प्रश्न: कलम की बियांचं? बियांचं रोप फुलायला सात-आठ वर्षं किंवा जास्त घेतं, कलम वर्ष-दोन वर्षांत फुलं देतं. बुडापासून सहा ते नऊ इंचांवर जोड दिसतो. तिथं खोड जरा वाकडं, साल वेगळ्या रंगाची, कधी पट्टी गुंडाळलेली. पट्टी कायम राहिली तर खोड आवळतं, म्हणून जोड भरल्यावर ती कापून काढा. जोडाखालून फुटणारा प्रत्येक फुटवा नखानं खुडा, नाहीतर खालचं जंगली खोड वर चढतं आणि कलम मागं पडतं. ‘कलमाला फुलं यायची थांबली’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

देवचाफा मात्र फांदीवर येतो. हात-सव्वा हात लांबीचा तुकडा कापून सावलीत आठ-दहा दिवस उभा ठेवा, कापलेलं तोंड पूर्ण सुकू द्या, मग वाळूमिश्रित मातीत चार बोटं खोल रोवा. लगेच लावला आणि रोज पाणी घातलं तर बुडाशी काळा पडून मऊ होतो. तसाच प्रयोग सोनचाफ्यावर करू नका, त्याची फांदी अशी सहजी मुळं धरत नाही.

ओळख चुकली की जागा चुकते

सोनचाफा मोठा होतो. घरापासून निदान बारा-पंधरा फूट सोडून, दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात, शेणखत आणि मुरूम मिसळून लावा. पावसाळ्याच्या तोंडाला लावला तर पाण्याची दगदग वाचते. पन्हाळा, राधानगरीकडच्या तांबड्या निचऱ्याच्या मातीत तो सुखानं वाढतो. शहराच्या सखल भागात, पंचगंगेच्या काळ्या मातीत, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी साचून राहिलं अशा जागी, मुळं कुजून पानं पिवळी पडतात आणि लोक त्याला खताची कमतरता समजून आणखी खत-पाणी घालतात. तिथं फूटभर उंच मातीचा वरंबा करून त्यावर लावा. देवचाफ्यालाही पाणी साचलेलं चालत नाही, पण तो कुंडीत राहतो. पुडिका तर कुंपणालाही चालतो. हिरव्या चाफ्याला मांडव किंवा तारेची जाळी लागते. नागचाफ्याला जागा आणि दोन पिढ्यांचा धीर.

तांबड्या देवचाफ्याची पानं थंडीत गळाली की "मेलं झाड" म्हणून उपटू नका. फांदी नखानं खरवडून खाली हिरवं दिसलं आणि चीक आला तर तो झोपलाय, उन्हाळ्याच्या तोंडाला जागा होईल. पावसाळ्यात पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. ती पानं तोडून लांब नेऊन जाळा, झाडाखाली कुजत ठेवू नका.

रोप लावून झालं की शेजारी पाटी रोवा आणि तिच्यावर मराठी नावासोबत देवनागरीत शास्त्रीय नाव, कलम की बियांचं आणि लावल्याची तारीख लिहा. बॉलपेन उन्हात उडतं. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्यानं कोरलेलं टिकतं.